टँगी बंधूंचा जॅक आणि साखळीकप्पी: पाच भावांच्या कारखान्याबद्दल काही प्रश्न

मोजपट्टी

बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंच्या कारखान्यावर वाचतोय. जिथे जावं तिथे एकच गोष्ट सापडते: कॉर्नवॉलमधून आलेले पाच भाऊ, एक छोटा हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा) जॅक, 'ग्रेट ईस्टर्न' जहाज पाण्यात ढकललं आणि भावांचं नशीब उघडलं. गोष्ट छान आहे, पण यंत्राबद्दल त्यात काहीच नसतं. म्हणून या मंचावर विचारतो.

१२,००० टनांचं जहाज हातजॅकने कसं हललं असेल? हा जॅक आत कसा असतो, त्यात किती जोर तयार होतो? त्यांची दुसरी प्रसिद्ध वस्तू म्हणजे वेस्टनची डिफरन्शियल साखळीकप्पी. साखळी हातातून सोडली तरी ओझं खाली का येत नाही, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. आणि शेवटचं: जुन्या ओतीव भागांवर कुठे 'टँगी ब्रदर्स', कुठे 'टँगी ब्रदर्स अँड प्राइस', कुठे 'टँगीज लिमिटेड' असं असतं. त्यावरून काळ ठरवता येतो का?

जुनं लोखंड

आधी माणसं, कारण कारखान्याची घडण त्यांच्या वाटणीतून झाली. जेम्स, जोसेफ, एडवर्ड, रिचर्ड आणि जॉर्ज हे पाच भाऊ. गाव कॉर्नवॉलमधल्या रेडरुथजवळचं इलोगन, घर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. जेम्स आणि जोसेफ हे हाताचे कारागीर. रिचर्डचा (जन्म १८३३) उजवा हात लहानपणी मोडला होता, त्यामुळे अंगमेहनतीचं काम त्याला जमणार नव्हतं. तो शिकला आणि १८५२ मध्ये बर्मिंगहॅमला एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात कारकून म्हणून लागला. जॉर्जही कारकुनीतूनच आला. म्हणजे यंत्र कळणारे आणि हिशेब, पत्रव्यवहार, गिऱ्हाईक कळणारे, दोन्ही एकाच घरात. त्या काळी कित्येक चांगले कारागीर बुडाले ते दुसरी बाजू नसल्यामुळे.

सुरुवात माउंट स्ट्रीटवर झाली. पॅकिंगच्या पेट्या करणाऱ्याच्या वर्कशॉपमधली थोडी जागा, भाडं आठवड्याला ४ शिलिंग. १८६० च्या दशकात सोहो भागात मोठा कारखाना उभा राहिला आणि त्याला 'कॉर्नवॉल वर्क्स' हे नाव मिळालं. सोहो म्हणजे वाफेची इंजिनं बनवणाऱ्या बोल्टन आणि वॅट यांचा परिसर. पुढे जॉर्ज टँगी जेम्स वॅटच्या हीथफील्ड या घरातच राहायला गेला, आणि बोल्टन-वॅट कारखान्याचे कागद त्याने १९११ मध्ये बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाला दिले. वाफेच्या इंजिनाचा इतिहास लिहिणारा प्रत्येकजण आज त्याच कागदांवर बसलेला असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

आता ग्रेट ईस्टर्न. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. जहाज २११ मीटर लांब, म्हणून नेहमीसारखं मागच्या टोकाने न सोडता टेम्सच्या काठावर मिलवॉल इथे आडवं बांधलं आणि आडवंच सरकवायचं ठरलं. उतार १२ ला १. गणित करून बघा: १२,००० टन भागिले १२, म्हणजे उताराच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाचा ओढा साधारण १,००० टन. जहाजाचा इंजिनिअर ब्रुनेल याने जहाजाखालचे पाळणे (आधाराचे सांगाडे) आणि खालचा मार्ग यांत चरबी लावलेलं लाकूड न ठेवता लोखंडावर लोखंड ठेवलं, कारण जहाज सुटून पळू नये, मुठीत राहावं. इथेच घोटाळा झाला. घर्षणाचा गुणांक (विरोध भागिले वजन) १/१२ च्या, म्हणजे ०.०८३ च्या वर गेला की जहाज आपणहून हलत नाही. कोऱ्या लोखंडावर तो ०.१५ सहज होतो, म्हणजे विरोध १,८०० टन. तूट ८०० टनांची, आणि ती ढकलून भरायची.

३ नोव्हेंबर १८५७ चा पहिला प्रयत्न फसला. रोखून धरणारं रहाट उलटं फिरलं, हँडलच्या तडाख्यात माणसं सापडली आणि एक दगावला. त्यानंतर जवळजवळ तीन महिने हायड्रॉलिक प्रेस लावून लावून जहाज इंच-इंच सरकवलं. वेल्समधल्या ब्रिटानिया रेल्वे पुलाच्या लोखंडी नळ्या उचलणारी मोठी प्रेससुद्धा आणली होती. काही सिलिंडर दाबाने फुटले. ३१ जानेवारी १८५८ ला जहाज तरंगलं. टँगींचे जॅक या सगळ्या ताफ्यातला एक भाग होते. पण मोठ्या प्रेस इतरांच्या जुन्या, उसन्या. टँगींचा माल नवा आणि विकाऊ होता. जाहिरातीचा फायदा कोणाला होणार हे उघड आहे. 'आम्ही ग्रेट ईस्टर्नला पाण्यात सोडलं आणि तिने आम्हाला' अशा अर्थाचं रिचर्डचं बोलणं प्रसिद्ध झालं. त्यातला दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा जास्त खरा आहे.

दट्ट्या

वरचं घर्षणाचं गणित बरोबर, त्यात एक भर. थांबलेलं ओझं हलवायला लागणारा जोर हलतं ठेवायला लागणाऱ्यापेक्षा जास्त असतो. प्रेसची दांडी पूर्ण बाहेर आली की दाब सोडायचा, दांडी आत घ्यायची, मध्ये नवा ठोकळा घालायचा आणि पुन्हा पंप मारायचा. तेवढ्यात जहाज पुन्हा 'बसतं', आणि प्रत्येक वेळी तो वरचा जोर नव्याने द्यावा लागतो. तीन महिने लागले त्याचं हे एक मोठं कारण. दुसरं, प्रेसच्या मागचा आधार. ८०० टन पुढे ढकलायचे तर तेवढेच मागे जमिनीत जातात. मागचे खांब मऊ मातीत दबले की निम्मा स्ट्रोक तिथेच वाया.

आता जॅकच्या आतलं. एका मध्यम हातजॅकचे आकडे घेऊ, म्हणजे कल्पना येईल (हे समजावण्यासाठी घेतलेले आकडे आहेत, टँगींच्या कॅटलॉगमधले नव्हेत).

हँडल ६०० मिमी, टेकूपासून पंपाच्या दांडीपर्यंत ४० मिमी: १५ पट. पंपाचा दट्ट्या २० मिमी व्यासाचा, क्षेत्र ३.१४ चौ. सेंमी. रॅम, म्हणजे ओझं उचलणारा मोठा दट्ट्या, १०० मिमी, क्षेत्र ७८.५ चौ. सेंमी: २५ पट. दोन्ही मिळून ३७५. हाताने ३० किलोचा जोर दिला की दट्ट्यावर ४५० किलो, आत साधारण १४३ किलो प्रति चौ. सेंमी दाब, आणि रॅमवर ११ टनांच्या वर. घर्षणाचे वजा करून साडेनऊ धरा. किंमत वेगाने मोजावी लागते: पंपाचा स्ट्रोक ३० मिमी असेल तर एका हेलकाव्याला रॅम जेमतेम १.२ मिमी वर येतो. ३०० मिमी उचलायला २५० हेलकावे.

तत्त्व नवं नव्हतं. इंग्रज संशोधक ब्रामाची हायड्रॉलिक प्रेस १७९५ ची, आणि एकाच डब्यात पंप, टाकी आणि रॅम बसवलेल्या जॅकचं पेटंट न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने १८५१ मध्ये घेतलं होतं. टाकी डोक्यात, पंप तिच्या खाली, दाबाखाली जाणारी सगळी वाट धातूच्या आतूनच. बाहेर एकही नळी नाही, त्यामुळे दोन माणसं उचलून कुठेही ठेवू शकतात. काही रचनांमध्ये रॅम बुडाला पक्का असतो आणि सिलिंडर वर सरकतो, काहींत उलट. गणित तेच. सिलिंडर सरकणाऱ्या प्रकारात खालच्या कडेला पंजा काढता येतो, म्हणजे जमिनीपासून चार बोटं वर असलेली वस्तूही उचलता येते. पण पंजावर पूर्ण क्षमतेचं ओझं घ्यायचं नाही. भार मधल्या रेषेबाहेर पडतो, रॅमला वाक येतो आणि एका बाजूने ओरखडे पडतात. ओरखडा एकदा पडला की नवा बकेट वॉशर (गळती रोखणारं वाटीसारखं चामडं) घालून उपयोग नाही, तो महिनाभरात कापला जातो.

बिघाड ओळखायची साधी रीत आहे. जॅक उघडण्याआधी ओझ्याखाली ठेवून हँडलकडे बघा.

हँडल विनाविरोध खाली जातं आणि ओझं हलत नाही: शोषणाचा व्हॉल्व्ह बसत नाही, द्रव परत टाकीत जातोय.

हँडल खाली दाबून सोडलं की आपणहून वर उडतं: बाहेर पाठवणाऱ्या व्हॉल्व्हखाली कचरा आहे. या अवस्थेत हँडलवर वाकून उभं राहायचं नाही, हनुवटी जाते.

हँडल जागेवर आहे पण ओझं हळूहळू बसतंय: उतरवण्याचा स्क्रू नीट आवळलेला नाही, त्याची सीट खराब आहे किंवा रॅमचं चामडं गेलं.

हँडल रबरासारखं लागतं: हवा अडकली.

पहिले काही हेलकावे ठीक, मग काहीच नाही: टाकीचा हवेचा स्क्रू बंद राहिला. आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढायला काही उरत नाही. 'जॅक गेला' अशी तक्रार येते त्यात निघतो अनेकदा हाच स्क्रू.

आणखी एक, नवख्यांना उलटं वाटणारं: जुना चामडी जॅक रिकामा असताना गळतो आणि भार आला की गळायचा थांबतो. बिघाड नाही तो. चामड्याचे ओठ दाबाने फाकून भिंतीला चिकटतात. दाबच नसेल तर चिकटणार कसे? वॉशर बसवताना ओठ नेहमी दाबाच्या बाजूला. उलटा बसवला तर १० किलोलाही धरणार नाही.

मोजपट्टी

फार उपयोगी. आत द्रव कोणता? आणि चामडं नव्याने करायचं तर?

दट्ट्या

मूळ जॅक पाण्याचे. थंडीत गोठू नये आणि गंज कमी व्हावा म्हणून पाण्यात स्पिरिट आणि थोडं तेल घालत. आज चालवायचा असेल तर हलकं खनिज तेल चालतं. रॉकेल नको. ते चामड्यातली चरबी धुऊन काढतं आणि वॉशर पुठ्ठ्यासारखा होतो. ब्रेक ऑइल तर नकोच.

चामडं: ४ ते ५ मिमी जाडीचं, सालीने कमावलेलं घट्ट चामडं, क्रोमने कमावलेलं मऊ चामडं साच्यात आकार धरत नाही. कोमट पाण्यात लवचीक होईपर्यंत भिजवा. पाणी उकळतं नको, चामडं आक्रसून कडक होतं. लाकडी किंवा धातूच्या साच्यात हळूहळू दाबा, एका दमात दाबलं तर कोपऱ्याला चिरतं. साच्यातच पूर्ण वाळू द्या, मग ओठाची कड आतून तिरपी कापून धारदार करा. शेवटी कोमट चरबीत मुरवा. ओठ फार उंच ठेवू नका; उंच ओठ दुमडतो आणि रॅमबरोबर ओढला जातो.

जॅक आडवा वापरायचा असेल तर पंप आणि शोषणाचं तोंड खालच्या अंगाला यायला हवं, नाहीतर तो तेलाऐवजी हवा ओढेल.

खाचकप्पी

साखळीचं मी सांगतो.

वरच्या ठोकळ्यात एकाच दांड्यावर, एकमेकांना जखडलेली दोन चाकं. चाकांच्या परिघावर साखळीची कडी बसेल अशा खाचा. मोठ्याला १६, लहानाला १५ समजू. साखळी एकच, न संपणारी: मोठ्या चाकावरून खाली, ओझ्याच्या खालच्या कप्पीतून वर, लहान चाकावरून पुन्हा खाली, आणि उरलेला भाग सैल लोंबता. चाकाचा एक फेरा झाला की मोठं चाक १६ खाचांची साखळी वर घेतं आणि लहान चाक १५ खाली सोडतं. ज्यात ओझं लटकलंय तो साखळीचा झोपाळा एका खाचेने आखडतो, तो दोन पदरांत वाटला जातो, म्हणून ओझं अर्धी खाच वर. हाताने १६ खाचा ओढल्या, मिळाली अर्धी: ३२ पट.

मूळ कल्पना चिनी रहाटाची: जाड-बारीक भागांचं एकच लाटणं, दोर एकीकडून गुंडाळायचा आणि दुसरीकडून सोडायचा. पण थोडं उचलायलाही तिथे दोर फार लागतो. थॉमस वेस्टनने न संपणारी साखळी आणि खाचा आणून ती अडचण काढली. खाचा नसत्या तर सैल बाजूला ताण नसल्यामुळे साखळी घसरलीच असती. १८५९ च्या सुमाराला हे टँगींकडे आलं.

ओझं खाली का येत नाही? ५०० किलो घ्या. घर्षण नसतं तर १५.६ किलोला उचललं गेलं असतं. या कप्पीची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर प्रत्यक्षात ४४.६ किलो ओढावे लागतात. फरक २९ किलोचा, तो घर्षण खातं. हात सोडल्यावर ओझं चाकाला उलटं फिरवू बघतं ते १५.६ किलोच्या जोराने, आणि समोर उभं आहे साधारण २९ चं घर्षण. जिंकणार कोण ते दिसतंच. कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खाली आहे तोवर ही कप्पी धरून ठेवते. तिचा आळशीपणा हाच तिचा ब्रेक.

म्हणूनच जुन्या कप्पीची 'सुधारणा' करणाऱ्यांपासून सांभाळा. दांड्यावर बॉल बेअरिंग बसवून ती हलकी चालवायला गेलात तर जी गोष्ट ओझं धरून होती तीच काढून टाकली. दांड्याला वंगण बेताचं, साखळीला तेलाचा हात, बस.

झीज बघायची ती साखळीत. कड्यांचे आतले टेकू झिजले की पदराची लांबी वाढते, कडी खाचेत तळाला न बसता काठावर चढते आणि भाराखाली एकदम उडी मारते. ११ कड्यांची लांबी नव्या साखळीशी ताडून बघा. २ ते ३ टक्के वाढली असेल तर ती साखळी ओझ्याला लावू नका. दोन-चार कड्या बदलून भागत नाही, कारण नव्या आणि जुन्या कड्यांचं अंतर जुळत नाही आणि उडी तिथेच बसते. साखळीला पीळ राहिला तरी हेच होतं. खालची कप्पी पदरातून उलटी निघाली की पीळ पडतो आणि पटकन दिसत नाही.

तोटा उघड आहे: एक मीटर उचलायला ३२ मीटर साखळी हातातून जाते. पुढे वर्म गिअरच्या आणि मग साध्या दातचाकांच्या चेन ब्लॉकने ही कप्पी मागे टाकली. दातचाकांची कार्यक्षमता चांगली, म्हणजे ओझं आपणहून खाली यायला बघतं, म्हणून वेगळा ब्रेक लागतो. आज त्यात जो स्क्रू आणि चकत्यांचा ब्रेक असतो त्यालाही वेस्टनचंच नाव आहे.

जुनं लोखंड

नावांवरून काळ: अंदाज येतो, वर्ष नाही. सुरुवातीला 'जेम्स टँगी अँड ब्रदर्स', मग 'टँगी ब्रदर्स', १८६० च्या दशकात प्राइस भागीदार असताना 'टँगी ब्रदर्स अँड प्राइस', आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी मर्यादित झाल्यावर 'टँगीज लिमिटेड'. शेवटच्या नावात 'ज' (इंग्रजीत S) आला की वस्तू त्यानंतरची. पण उलटं गृहीत धरू नका. ओतकामाचा लाकडी नमुना टिकेल तोवर वापरतात, आणि नाव त्या नमुन्यावरच कोरलेलं असतं. जुनं नाव नव्या मालावर दिसू शकतं. दुरुस्तीत ठोकळा एका काळचा आणि हूक दुसऱ्या काळचा, हेही नेहमीचं. ओतीव नावापेक्षा ठोशाने मारलेला क्रमांक आणि क्षमता जास्त भरवशाची, कारण ते त्या एका नगावर मारलेलं असतं.

मोठे भाऊ आधी बाजूला झाले, कारभार रिचर्ड आणि जॉर्जकडे राहिला. रिचर्डला १८९४ मध्ये 'सर' हा किताब मिळाला आणि तो १९०६ मध्ये वारला. मधल्या काळात कारखान्याची ओळख पंप आणि इंजिनांकडे सरकली: १८६७ पासून कॅमेरॉनच्या पेटंटचा थेट वाफेवर चालणारा 'स्पेशल' पंप, पुढे गॅस आणि तेलाची इंजिनं. जॅक मात्र यादीतून गेला नाही. सोहोचा कारखाना संपला तरी हायड्रॉलिक साधनांवर टँगी हे नाव आजही लागतं.

मोजपट्टी

लंडनमध्ये उभारलेल्या 'क्लिओपाट्राच्या सुई'चं, त्या प्राचीन इजिप्शियन खांबाचं काय? तिथेही टँगींचे जॅक म्हणतात.

दट्ट्या

होय, आणि जॅकच्या दृष्टीने ते काम ग्रेट ईस्टर्नपेक्षा शहाणपणाचं. सुमारे २१ मीटर लांब, १८० टनांहून जड ग्रॅनाइटचा एकसंध खांब. इंजिनिअर जॉन डिक्सनने तो आडवाच ठेवून जॅकने थोडा थोडा वर घेतला. प्रत्येक टप्प्याला खाली लाकडाचे ठोकळे भरायचे, भार ठोकळ्यांवर टेकवायचा, जॅक रिकामा करून वर सरकवायचा, पुन्हा उचलायचं. पुरेशी उंची झाल्यावर मध्याजवळ बसवलेल्या लोखंडी कवचावर तो तोलला आणि १२ सप्टेंबर १८७८ ला टेम्सच्या काठावर उभा फिरवला. फिरवण्याचं काम तोलाने केलं, जॅकने नव्हे.

ठोकळ्यांची ती शिस्त आजही तशीच लागू आहे. दर २५-३० मिमीला खाली पॅकिंग गेलंच पाहिजे, म्हणजे वॉशर फाटला तरी ओझं तेवढंच पडेल. ठोकळे कठीण लाकडाचे, एकाआड एक आडवे-उभे. मऊ लाकूड भाराखाली कडेने चिरतं. जॅकच्या डोक्यावर धातूला धातू टेकवू नका, मध्ये पातळ फळी ठेवा, नाहीतर ओझं जरा तिरकं झालं की घसरतं. आणि दोन जॅक एका वस्तूखाली असतील तर दोघांनी एकाच हाकेवर पंप मारायचा. एकजण दहा हेलकावे पुढे गेला तर १२ मिमीचा फरक पडतो, आणि कडक, लांब वस्तूचा जवळजवळ सगळा भार त्या एकाच जॅकवर येतो.